आहेर आवर्जून स्वीकारले जातील

योगिनीला प्रवेश मिळाल्याची ईमेल आली तेव्हा ती केनवडच्या घराच्या गच्चीवर, जिथे मोबाइलला रेंज मिळते त्या कोपऱ्यात उभी होती. ईमेल वाचून झाल्यावर तिने ती पुन्हा वाचली आणि मग एकदा शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये, हे तिने अकोल्याला बी.एस्सी. ॲग्री करताना शिकून घेतलं होतं. ते तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की दुधाला उकळी आली का, हेसुद्धा ती दोनदा पाहून ठरवायची. तोवर दूध उतू गेलेलं असायचं.

प्रवेश अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका विद्यापीठात होता. ते तिने एकोणीस रकान्यांचा तक्ता करून निवडलं होतं. फी, सवलती, प्राध्यापकांचे शोधनिबंध, हिवाळ्यातलं सरासरी तापमान, सगळं त्यात होतं. विषय होता पिकांवरचे विषाणूजन्य रोग आणि पीक होतं सोयाबीन. त्या राज्यात नजर जाईल तिथवर सोयाबीनच असतं, हे तिने वडिलांना उपग्रहाच्या नकाशावर दाखवलं. वडिलांना सगळं गाव नानाजी म्हणायचं, म्हणून घरातही ते नानाजीच. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला.

"म्हंजे इथंबी सोयाबीन, तिथंबी सोयाबीन," ते म्हणाले. "मंग तू जाऊन कायले राह्यली?"

योगिनीने त्यांना पिवळा मोझॅक रोग, तो पसरवणारी पांढरी माशी आणि विषाणू ओळखण्याची नवी तंत्रं यांबद्दल सविस्तर सांगितलं. इतकं सविस्तर की मधे नानाजी उठून बैलाला पाणी दाखवून आले आणि तरी त्यांचं फारसं काही हुकलं नाही.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "माशी इथली, अन् शिकाव तिथं."

अर्जासोबतच्या दोन पानी निबंधात योगिनीने हेच लिहिलं होतं, फक्त त्याला दोन पानं लागली होती.

अडचण पैशांची होती, पण तीही सगळ्या पैशांची नाही. विद्यापीठाने अर्धी फी माफ केली होती. उरलेल्या खर्चासाठी रिसोडच्या एका बँकेने घर तारण घेऊन शैक्षणिक कर्ज मंजूर केलं होतं. मात्र मंजुरीच्या पत्रात एक अट होती. एकूण खर्चातला पंधरा टक्के हिस्सा विद्यार्थ्याने स्वतः उभा करायचा. बँकेच्या भाषेत, मार्जिन मनी. योगिनीने गुणाकार केला. तीन लाखांच्या जरा वर. तिने तो पुन्हा केला, कारण उत्तर आवडलं नाही की तिचा पडताळणीचा उत्साह वाढायचा. उत्तर तेच आलं. घरात जपून ठेवलेले लाखभर रुपये होते. बाकीचे दोन लाख पहिली फी भरायच्या आत उभे राहिले नाहीत, तर बँक पैसे सोडणार नाही, म्हणजे विद्यापीठ नाही, म्हणजे पुढचं सगळं आयुष्य इथल्या माशीबरोबर. असं तिने ठरवून टाकलं आणि त्या दिवसापासून जेवण कमी केलं, जणू तेवढ्याने दोन लाख वाचणार होते.

त्याच आठवड्यात अनसिंगला देवला राठोड यांच्या मुलाचं लग्न होतं. देवला हे नानाजींचे जुने मित्र. नानाजींची चार एकर शेती होती, पण लोक त्यांना ओळखायचे ते साउंड सर्व्हिसमुळे. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर आणि एक माइक. माइक ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. लग्नात जेवणाच्या पंगती उठू लागल्या की आहेर पुकारण्याचं काम त्यांचं. पाकीट उघडायचं, कोणी किती केले ते माइकवर सांगायचं, म्हणजे देणाऱ्याचं नाव मांडवाबाहेर दोन शेतं ओलांडून जातं आणि घेणाऱ्यालाही पुढे विसरलो म्हणायची सोय राहत नाही.

योगिनी वायरी सांभाळायला सोबत गेली होती. नानाजींनी एक पाकीट उचललं आणि आवाजात काडीचाही फरक न करता पुकारलं, "केनवडचे नानाजी, यांच्याकडून पाचशे एक रुपये." स्वतःचाच आहेर. लगेच पुढचं पाकीट.

त्या क्षणी योगिनीला साक्षात्कार झाला. निदान तिला तो तसा वाटला. नानाजी आणि आई पंचवीस वर्षं प्रत्येक लग्नात आहेर करत आले होते. केलेला आहेर फिटतो, पण तो आपल्या घरी कार्य निघतं तेव्हा. म्हणजे हा आहेर नव्हताच. ती ठेव होती. दोन-अडीचशे घरांत विभागून ठेवलेली, आणि तिची मुदत संपत होती योगिनीच्या लग्नाला. लग्न तर तिला इतक्यात करायचं नव्हतं. पण ठेव मुदतीआधी मोडता येते, हे कोणत्याही बँकेत विचारा. (पुढे तिला वाटलं की याच वेळी तिने कोणत्याही बँकेत जाऊन खरोखर काहीतरी विचारायला हवं होतं.)

परतताना टेम्पोत तिने ही कल्पना नानाजींपुढे मांडली.

"आहेर मागत नसते, पोरी," ते म्हणाले. "तो येते. प्रसंग आला का आपल्या पायानं येते."

"मंग प्रसंग करू ना आपण."

नानाजींनी भोंग्यावरची चादर नीट केली. मुलीच्या बोलण्यात चूक सापडत नाही आणि बोलणं पटतही नाही, अशा वेळी ते नेहमी काहीतरी नीट करत.

आई विमलबाई यांचा विरोध अधिक थेट होता. "तो तुह्या लग्नाचा आहेर हाये. आत्ताच खाऊन टाकला, तं लग्नात लोकायनं रिकाम्या हातानं येऊन वरण-भात खाव काय?" योगिनीने त्यांना आजच्या रुपयाची आणि दहा वर्षांनंतरच्या रुपयाची किंमत समजावून सांगितली. कागदावर एक वक्ररेषाही काढून दाखवली, जी डावीकडून उजवीकडे उतरत जात होती. विमलबाई म्हणाल्या की ही रेघ पाहून त्यांना विहिरीची पातळी आठवते आणि तो कागद त्यांनी चहाच्या भांड्याखाली घेतला. पण पोरीचं काम पैशांवाचून अडून राहिलेलं त्यांनाही पाहवत नव्हतं. दोन दिवसांनी त्या आपण होऊन म्हणाल्या, करायचं तर पेरणीच्या आधी करा, पेरणी लागली की कुत्रं येणार नाही.

कार्यक्रमाचं नाव ठरलं, निरोप समारंभ. पत्रिकेचा मजकूर योगिनीने स्वतः लिहिला. आजकाल पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत छापतात की कृपया आहेर आणू नयेत, आणि लोक तरीही आणतात. ही संदिग्धता तिला मान्य नव्हती. तिने लिहिलं, "आहेर रोख स्वरूपात आवर्जून स्वीकारले जातील."

विमलबाईंनी मजकूर वाचला आणि 'रोख स्वरूपात' या दोन शब्दांवर काट मारली. "भीक मागून राह्यलो काय आपण?" योगिनीने वाद घातला नाही. आहेर म्हटल्यावर पैसेच येणार, हे तिने उघडच मानलं होतं, आणि उघड वाटणाऱ्या गोष्टीला पुरावा लागत नाही, असं मानण्याची चूक तिने आयुष्यात बहुधा तेवढी एकदाच केली. रिसोडच्या छापखान्यातल्या माणसाने तिला दोनदा विचारलं की ताई, इथं 'नाही' राहून गेलं काय. तिने दोनदा सांगितलं की राहिलेलं नाही. त्याने पत्रिका छापली आणि एक प्रत स्वतःसाठी ठेवून घेतली.

पत्रिका वाटून झाल्या. मग गावाने आपल्या पद्धतीने ती वाचली. मुलगी तेवीस वर्षांची, मांडव, जेवण, पत्रिका, आणि आहेर आवर्जून. लोकांचा निष्कर्ष एकच होता, आणि खरं सांगायचं तर हाताशी असलेल्या माहितीवरून योगिनीनेही तोच काढला असता. पोरीचं जमलं. नवरदेव अमेरिकेत आहे, त्याला रजा नाही, म्हणून इकडचं कार्य इकडे उरकून घेतात. कोणी म्हणे तो तिकडे सोयाबीनचा डॉक्टर आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी योगिनी नवा पंजाबी ड्रेस घालून उभी राहिली. पहिल्यांदा आल्या समोरच्या घरातल्या तुळसाबाई. त्यांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मागे पुढे पाहिलं.

"नवरदेव कुठी हाये वं?"

"लग्न नाही आजी. मी शिकायले जाऊन राह्यली."

"हो, हो. ते तं झालंच," तुळसाबाई म्हणाल्या. "पण तो कुठी हाये?"

योगिनीने पुन्हा सांगितलं. तुळसाबाईंनी समजुतीने मान हलवली, म्हणजे पोरगी लाजते आहे, आणि पदराआडून एक खोकं काढलं. त्यात तीन लिटरचा कुकर होता.

मुलीच्या लग्नात संसाराला म्हणून भांडी देतात, त्याला आंदण म्हणतात. हे योगिनीला लहानपणापासून माहीत होतं. फक्त तिच्या गणितात ते कुठे आलं नव्हतं, कारण तिच्या गणितात ती नवरी नव्हती. एका तासात मांडवाच्या कोपऱ्यात कुकर, गंज, डबे, परात आणि पाणी भरायचा एक पितळेचा गुंड यांचा डोंगर उभा राहिला. गुंड अनसिंगच्या देवला राठोड यांनी आणला होता. तो त्यांनी तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत धरून आणला, आणि पाणी थंड राहतं, तिकडे मिळत नाही, असं सांगून तिच्याच हातात दिला.

नानाजी माइकवर होते. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे आहेर पुकारले होते आणि आवाज कधी हलू दिला नव्हता. पाकिटं असतील अशा तयारीने ते बसले होते. पहिलं खोकं समोर आलं तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"तुळसाबाई यांच्याकडून कुकर. तीन लिटर." थोडं थांबून, "झाकणासहित."

मग त्यांना लय सापडली. पाच लिटर, साडेसात लिटर, स्टीलचा पिंप, पोहे चाळायची चाळणी. योगिनी प्रत्येक नावाला हात जोडत होती आणि मनात दर भांड्यामागे दोन लाखांतून काही वजा होतं का ते पाहत होती. काहीच वजा होत नव्हतं. पाकिटंही आली, नाही असं नाही. पण तिने नानाजींनी वीस वर्षांपूर्वी केलेले एकावन्न रुपये महागाईच्या दराने वाढवून धरले होते, आणि लोकांनी त्यात दहा रुपये घालून एकसष्ट केले होते. महागाई केनवडला पोचली होती, पण आहेराच्या पाकिटात शिरली नव्हती.

जेवणं झाली. वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी. माणसं समाधानाने गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब केला तेव्हा पाकिटांतली रक्कम आणि मांडव-जेवणाचा खर्च यांत इतका थोडा फरक निघाला की प्रयोगशाळेत असता तर तिने तो शून्यच लिहिला असता.

राहिली भांडी. ती विकायची, हे उघड होतं, आणि यावेळी तिने निदान उघड गोष्ट तपासून पाहायची असं ठरवलं. विमलबाई शेतात गेल्या आहेत असं पाहून तिने सगळ्यांत मोठा कुकर खोक्यासकट स्कूटीवर ठेवला आणि गुलाम नबी यांचं भांड्यांचं दुकान गाठलं. गावात भांड्यांचं तेवढं एकच दुकान, तेव्हा सगळा माल तिथलाच असणार, आणि ज्याने विकला तो थोडी घट धरून परतही घेईल, असा तिचा अंदाज होता. अंदाजाचा पहिला भाग बरोबर होता.

गुलाम नबी साठीचे, पांढरी दाढी, नाकाच्या टोकावर चष्मा. त्यांनी तिला पाहून पोराला चहा सांगितला आणि खुर्ची पुसून दिली. चार दिवसांत त्यांचं दुकान जवळजवळ रिकामं झालं होतं, अन् दिवाळीला होत नाही तेवढा गल्ला झाला होता, असं ते स्वतःच म्हणाले. योगिनीने थोडं चाचरत काम सांगितलं. त्यांनी कुकर खोक्याबाहेर काढला, आडवा केला आणि तिच्यासमोर धरला.

कुकरच्या पोटावर बारीक ठिपक्यांच्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'चि. सौ. कां. योगिनी हिच्या अमेरिकागमनाप्रीत्यर्थ सप्रेम भेट.' त्याखाली देणाऱ्याचं नाव आणि गाव.

"सगळ्यांवर हाये?" योगिनीने विचारलं.

"सब पर," गुलाम नबी म्हणाले. "दोन दिवस मशीन बंद नाही केली, बेटा. लोक म्हने फक्त नाव टाका. मी म्हनलं, पोरगी एवढ्या लांब चालली, तं अमेरिका बी टाकू. त्याचे पैसे नाही घेतले कोनाकडून." ते कुकरवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत होते. अक्षरं खरोखरच सुंदर होती. "नाव टाकलेलं भांडं मोडीत जाते फकस्त. वजनावर. तू मोडीत देशीन काय?"

मोडीचा भाव किती, हा प्रश्न योगिनीच्या ओठांवर आला होता. तो तिने चहाबरोबर गिळला. नाव टाकलेली भांडी मोडीच्या गाड्यावर दिसली असती तर संध्याकाळपर्यंत अनसिंगपासून इंझोरीपर्यंत कळलं असतं की नानाजींच्या पोरीने आहेर विकला, आणि तेही भोंग्याशिवाय. ती कुकर घेऊन परत आली. येताना तिला जाणवलं की या सगळ्या उद्योगात एकाच माणसाला निव्वळ नफा झाला होता, आणि त्याच माणसाने फुकट अक्षरं कोरून तिच्या दोन लाखांचा रस्ता बंद केला होता. आणि त्याच्यावर रागावताही येत नव्हतं.

आता उरलं होतं ते बँकेत जाऊन सांगणं. तीन लाख उभे राहत नाहीत, कर्ज पुढच्या वर्षासाठी ठेवता येईल का. हे वाक्य तिने रिसोडला जाणाऱ्या बसमध्ये मनात बऱ्याचदा घोळवलं. रडायचं नाही, हेही ठरवलं. नानाजी सोबत आले होते. त्यांनी पांढरा सदरा घातला होता, लग्नाला घालतात तो.

बँकेतले कर्जाचे अधिकारी तरुण होते, बाहेरगावचे, आणि त्यांचं सगळं लक्ष संगणकावर होतं. योगिनीने आपलं वाक्य म्हटलं.

"तीन लाख एकदम कशाला?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मार्जिन मनी. पंधरा टक्के."

"हो, पण ते दर सत्राला द्यायचे. आम्ही जेवढी फी सोडू त्याच्या पंधरा टक्के, तेवढेच त्या वेळी. पहिल्या सत्राचे आता भरा, पुढचे पुढे." त्यांनी तिच्याच फायलीतलं मंजुरीपत्र काढून सहाव्या पानावरची एक ओळ पेनने दाखवली. "तिकडे गेल्यावर विद्यापीठात काही काम मिळालं तर त्यातूनही भरतात मुलं."

योगिनीने ओळ वाचली. ती तिने आधीही वाचली होती. पंधरा टक्क्यांचा गुणाकार तिने दोनदा केला होता, पण कधी द्यायचे, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. पहिल्या सत्राच्या हिश्श्यासाठी घरातले लाखभर पुरत होते, वर थोडे उरतही होते. म्हणजे मांडव, पत्रिका, बुंदी आणि तुळसाबाईंचा कुकर, सगळं ज्या अडचणीसाठी केलं ती अडचण अस्तित्वातच नव्हती. तिने एक प्रश्न विचारायच्या ऐवजी गावजेवण घातलं होतं.

नानाजींना ते तिने बसस्टँडवर उसाचा रस पिताना सांगितलं. ते हसतील किंवा चिडतील असं तिला वाटलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"म्हंजे कर्ज झालं?"

"झालं."

"मंग झालं तं," ते म्हणाले. ग्लास उचलून उरलेला रस संपवला. बस आली तेव्हा म्हणाले, "पण आता आपल्याले सगळ्यायच्या घरचे आहेर फेडा लागते."

हे मात्र योगिनीने खरंच धरलं नव्हतं. ज्यांचा आहेर आधी केलेला होता त्यांचा फिटला. पण अर्ध्याहून जास्त लोकांनी पूर्वी मिळालेल्यापेक्षा कितीतरी जास्त दिलं होतं, कारण लग्न समजून आले होते. एकावन्नाला कुकर. आता त्या प्रत्येक घरचं लग्न तिच्यावर होतं, आणि भोंग्यावरून सगळ्यांनी ऐकलेलं होतं. तिने आपली ठेव मोडायला म्हणून हा खटाटोप केला होता आणि एकशे एकतीस घरांची देणेकरीण होऊन बसली होती.

जुलैत मुंबईला व्हिसाची मुलाखत होती. तिच्या तयारीसाठी योगिनीने एका सल्लागाराचे व्हिडिओ पाहिले होते. त्यात सांगितलं होतं की सगळ्यात घातक प्रश्न म्हणजे शिक्षण झाल्यावर परत जाल का. उत्तर ठाम हवं, कारण ठोस हवं. शेती, कुटुंब, मालमत्ता. योगिनीने उत्तर पाठ केलं होतं, तीन वाक्यांचं, प्रत्येक वाक्यात एक कारण.

काचेपलीकडच्या बाईंनी आधी सोपं विचारलं. हेच विद्यापीठ का, पैसे कोण देणार. योगिनीने माशीबद्दल सांगितलं, बँकेबद्दल सांगितलं. मग तो प्रश्न आला.

"पदवी झाल्यावर काय करणार?"

"परत जाणार."

"का?"

तीन वाक्यांपैकी पहिलं तिला आठवलं, पण तोंडाशी आल्यावर ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं. चार एकरांची शेती नानाजींची होती आणि ती तिच्यावाचून अडून राहिली नव्हती. तिच्या मागे रांग होती. बाई पाहत होत्या.

"माझ्या गावात लग्नाला भेट देतात आणि ती परत करावी लागते," योगिनी म्हणाली. इंग्रजी जरा अडखळलं. "मी लग्न न करता एकशे एकतीस घरांकडून भेटी घेतल्या आहेत. त्या सगळ्यांच्या घरी पुढे लग्नं होणार आहेत. मला जावंच लागेल."

बाईंनी टायपिंग थांबवलं. "लग्न न करता का घेतल्या?"

"फीसाठी. पण लोकांना वाटलं लग्नच आहे. त्यांनी कुकर दिले."

"मग कुकर परत का नाही केले?"

"त्यांच्यावर नावं कोरली आहेत."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलणारी माणसं याहून चांगलं काहीतरी रचतात, हे त्यांना बहुधा अनुभवाने माहीत असावं. त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि पासपोर्ट आपल्या बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला.

"पासपोर्ट आम्ही ठेवून घेतोय," त्या म्हणाल्या. "कुरिअरने येईल."

पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला, हे योगिनीला व्हिडिओंवरून माहीत होतं. तरी बाहेर पडताना तिने दारावरच्या माणसाला विचारून खात्री केली. यावेळी विचारलेलं बरं.

रस्ता ओलांडून सावलीत उभी राहून तिने घरी फोन लावला. विमलबाईंनी उचलला. व्हिसा मिळाल्याचं ऐकून त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि काय काय विचारलं ते सगळं सांग म्हणाल्या. योगिनीने सांगितलं. शेवटच्या प्रश्नापाशी ती जराशी हसत होती, आईही हसेल असं तिला वाटत होतं.

विमलबाई हसल्या नाहीत. "वापस येतो म्हणून सांगतलं तू त्या बाईले?"

"हो."

"ते खरं सांगतलं, का पास व्हायसाठी सांगतलं?"

समोरून एक पाण्याचा टँकर गेला आणि त्याच्या आवाजात योगिनीला थोडा वेळ मिळाला. तिने तो वापरला. तक्त्यात या प्रश्नाला रकाना नव्हता. तिने एकशे एकतीस घरं डोळ्यांसमोर आणली नाहीत, आणली ती एकच, आणि त्या घरात फोन कानाला लावून उभी असलेली बाई.

"खरं सांगतलं आई," ती म्हणाली.

"बरं." पलीकडे विमलबाईंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. "मंग तुळसाबाईचा लहाना कुकर बॅगेत ठेवून देतो. बाकीचे माळ्यावर चढवतो. तू आल्यावर लागतीन."